वरचा तुकडा

मुकादमाने पत्र्याचा ट्रे उचलला आणि तोलवाल्याच्या तोंडावर हाणला. डबे बंद करणाऱ्या यंत्राचा एवढा खडखडाट चालू होता, तरी त्यातूनही तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. तोलवाला दोन्ही हातांनी नाक धरून खाली बसला. बोटांच्या फटींतून रक्त त्याच्या एप्रनवर गळायला लागलं. त्याचा गुन्हा एवढाच होता की काट्यावरून काही हलके डबे पुढे सुटले होते आणि ते परत आलेल्या मालात सापडले होते.

"आता कळलं ना वजन कशाला म्हणतात?" मुकादम म्हणाला आणि ट्रे टेबलावर भिरकावला.

कुणी जागचं हललं नाही. पुढे झाली ती ताई. ताई म्हणजे मुकादमाची सख्खी मोठी बहीण, डबे भरणाऱ्या बायकांच्या टेबलावरची प्रमुख. तो तिला ताई म्हणायचा म्हणून सगळा कारखानाच तिला ताई म्हणायला लागला होता, तिच्यापेक्षा म्हाताऱ्या बायकासुद्धा. तिने ओला फडका तोलवाल्याच्या नाकावर दाबला आणि आपलं नेहमीचं वाक्य म्हटलं, "त्याचा राग वाईट आहे रे, पण मन साफ आहे. मनावर घेऊ नकोस."

"मनावर कुठे घेतलंय, ताई? नाकावर घेतलंय," तोलवाला फडक्यातून पुटपुटला. दोघी-तिघी फिस्सकन हसल्या आणि मुकादमाने वळून बघताच खाली मान घालून डबे भरू लागल्या.

कारखाना ट्यूना माशाच्या डब्यांचा. एके काळी या डब्यांची अशी चलती होती की फळीवर ठेवायचा अवकाश, दुकानं रिकामी. आई कामावरून दमून आली की डबा, पाहुणा अवेळी टपकला की डबा, स्वयंपाकाचा कंटाळा आला की डबा. मग लोकांचं मन उडालं. कुणी म्हणे माशात विष असतं, कुणी म्हणे त्या वासाने घरात बसवत नाही, आणि तरुण पोरांना तर डबा उघडायचाच आळस. हे सगळं खरं असेल; पण कारखान्यातल्या माणसांना आणखी एक गोष्ट माहीत होती, जी बाहेर कुणी बोलत नसे. मालच बिघडला होता. पूर्वी मोठे, टणक मासे यायचे. उकडून सोलले की फिकट गुलाबी, सरळ धाग्याचं मांस हाताला लागायचं. आता येत होते ते लहान, दोनदा गोठवलेले आणि दोनदा वितळलेले मासे, बोट लावलं की भुगा. एक डबा चांगला निघाला तर दुसऱ्यात काळं मांस, तिसऱ्यात कातडी आणि काटे. पूर्वी काळं मांस मांजरांच्या डब्यांत जायचं. आता मांजरांचे डबे जास्त खपत होते, आणि मुकादम म्हणायचा की मांजरं तरी नशीबवान, त्यांना निदान काय खातोय ते ठाऊक आहे.

यावर मुकादमाने दोन उपाय काढले होते. एक म्हणजे मारहाण. दुसरा जरा डोक्याचा. ट्रेमध्ये जो काही चांगला, घट्ट मांसाचा तुकडा सापडेल तो बाजूला काढायचा. डब्यात आधी भुगा, काळं, कातडी, जे असेल ते दाबून भरायचं आणि शेवटी वर तो चांगला तुकडा बसवायचा, डब्याच्या तोंडाएवढा गोल कापून. झाकण उघडताच गिऱ्हाइकाचा जीव गार. निम्मा डबा संपेपर्यंत कळणारही नाही, आणि कळेल तोवर डबा उघडलेला असतो. तो तुकडा गोल कापायचं काम ताईचं. तिच्या एप्रनच्या खिशात आखूड, पातळ पात्याची सुरी असायची आणि तुकडा हातात फिरवत ती तो असा कापायची की एका बाजूनेही फट राहू नये.

हे काम ताईला छान जमायचं आणि त्यात नवल काही नव्हतं. आई गेली तेव्हा भाऊ एवढासा होता, ताईच्या कडेवर वाढला. शाळेत त्याने एका पोराचं डोकं फोडलं तेव्हा ताईने जाऊन सांगितलं की त्या पोरानेच आधी खोडी काढली. पहारेकऱ्याचा जबडा मोडला तेव्हा तिने त्याच्या बायकोला पटवलं की फरशीवर तेल होतं. भावाची बायको सुजलेला डोळा घेऊन माहेरी गेली ती परत आलीच नाही, तेव्हाही ताई म्हणाली की पोरीतच दम नव्हता. असं म्हणताना तिला स्वतःची लाज वाटली होती. पण भाऊ होता तो, पोटच्या पोरासारखा. ती नाही तर कोण सांभाळून घेणार?

तिचा नवरा भट्टीवर होता. भट्टी म्हणजे आडवं ठेवलेलं, माणूस उभा राहील एवढं लोखंडी पिंप. बंद केलेले डबे जाळीच्या गाड्यांतून आत ढकलायचे, गोल दार आवळायचं आणि वाफेच्या दाबाखाली शिजवायचे. भट्टीवाला हळू बोलणारा, सावकाश चालणारा माणूस. घाईच्या माणसाचं त्या दाराशी कामच नाही. तोलवाल्याचं नाक फुटलं त्या दिवशी घरी येताना तो बायकोला म्हणाला, "एक दिवस तो कुणाला तरी जिवे मारेल. आणि तू फडका घेऊन धावशील."

"काहीतरीच काय बोलता? तो तुम्हाला किती मानतो."

"मानतो, कारण मी त्याच्या वाटेत येत नाही," भट्टीवाला म्हणाला. ताईला हे बोललेलं आवडलं नाही आणि ती घर येईपर्यंत फुगून चालली.

मुकादम रोज संध्याकाळी बहिणीकडेच जेवायचा. एखादा चेपलेला डबा कामगारांना घरी न्यायला मिळे, तो ताई भाताबरोबर काढायची. या डब्यांना ओढायची कडी नव्हती. दोन्ही बाजू सारख्याच दिसायच्या, फक्त वरच्या झाकणावर तारखेचा शिक्का. बाहेरचं गिऱ्हाईक शिक्का बघून तिकडून उघडायचं. कारखान्यातला माणूस मात्र डबा हातात आला की आधी पालथा करायचा आणि बुडाकडून कापायचा. वरचा तुकडा आपणच ठेवलेला, त्याच्याकडे बघून काय कळणार? खाली काय आहे ते आधी बघायचं, जास्तच घाण असेल तर फेकायचं, आणि तुकडा शेवटी काढून वाटून घ्यायचा. कुणी कुणाला हे शिकवलं नव्हतं. सगळ्यांच्या हाताला ते वळणच पडलं होतं. मुकादमही तसंच करायचा. बोलता बोलता त्याचा हात डबा उलटवायचा आणि पातं घुसवायचा, आणि चांगल्या तुकड्याचा मधला भाग तो न चुकता ताईच्या ताटात टाकायचा. हे तिला फार बरं वाटायचं.

तर एका सकाळी मालकाने सगळ्यांना यंत्रापाशी बोलावलं. मालक काटकुळा, बोलताना स्वतःचेच हात चोळणारा. तो म्हणाला की आता मोठं गिऱ्हाईक म्हणून दुकानांची एकच साखळी उरली आहे, तिच्या खरेदीवाल्या बाई आज डबे उघडून बघायला येणार आहेत, आणि त्यांनी पाठ फिरवली तर आपण दाराला कुलूप लावू. एवढं बोलून तो कचेरीत गेला. मग मुकादमाने सगळ्यांवरून नजर फिरवली.

"आज ज्याच्या हातून चूक होईल," तो म्हणाला, "त्याचा तो हात मी त्या यंत्रात घालीन. बहिणीची शपथ."

ताईला वाटलं, शपथ तरी दुसऱ्या कुणाची घ्यायची.

मुकादमाने भट्टीवाल्याला सांगितलं, "दाजी, कालच्या घाण्यातले डबे आणा. शिक्का वर करून लावा ट्रेमध्ये, सगळे एकसारखे." भट्टीवाल्याने आणले, लावले. ताई फडका घेऊन बाजूला उभी होती. तिने एकेक डबा पुसला, शिक्क्यावरून बोट फिरवून बघितलं. सगळे सरळ होते. मग तिचा नवरा आपल्या भट्टीकडे गेला, कारण आत डब्यांचा एक घाणा शिजत होता.

खरेदीवाल्या बाई आल्या. जाड भिंगांचा चष्मा, हातात स्वतःचा खायचा काटा. बोलणं कमी. मुकादमाने डबे उघडायचं काम दुसऱ्या कुणाला दिलंच नाही. पहिला डबा त्याने शिक्क्याकडून उघडला. वर गोल, गुलाबी, देखणा तुकडा. बाईंनी काट्याने त्याचा एक धागा काढून चाखला आणि मान हलवली. दुसराही तसाच. मालकाने हात चोळायचं थांबवलं. मुकादमाच्या चेहऱ्यावर ताईने कित्येक दिवसांनी हसू पाहिलं, आणि तिचंही काळीज जागेवर आलं.

"मागच्या मालाबद्दल फार तक्रारी होत्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही स्वतः खाता का हे?"

"म्हणजे काय!" मुकादम खुलला. "रोज! ही माझी बहीण, विचारा तिला. संध्याकाळी आमच्या घरी दुसरं काही शिजतच नाही." आणि घरचं बोलता बोलता त्याचा हात तिसऱ्या डब्याकडे गेला, त्याने तो तळव्यावर पालथा केला आणि पातं घुसवलं.

ताईने ते पाहिलं. पत्रा गोल कापला गेला, मुकादमाने तो पात्याच्या टोकाने उचलला आणि डबा बाईंच्या पुढे धरला. आत काळा-करडा लगदा होता, त्यात कातडीचा एक चकाकता तुकडा आणि मणक्याचं हाड.

बाई बराच वेळ डब्यात बघत राहिल्या. "आता बाकीचे सगळे याच बाजूने उघडा," त्या म्हणाल्या.

उघडावे लागले. सगळे सारखेच निघाले. बाईंनी आपला काटा रुमालाला पुसला, पिशवीत टाकला आणि त्या निघाल्या. मालक मागे धावत फाटकापर्यंत गेला. परत आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "यंत्रं बंद करा," तो म्हणाला, आणि कुणाकडेही न बघता कचेरीत जाऊन त्याने आतून कडी लावली.

यंत्र थांबलं. बायका हात तसेच माशात ठेवून उभ्या राहिल्या. मुकादम ट्रेकडे बघत होता. ताईला त्याचा चेहरा पाठ होता. आधी कान लाल, मग मान, मग डोळे. तो म्हणाला, "पालथा ठेवला होता. कुणीतरी मुद्दाम पालथा ठेवला." मग म्हणाला, "दाजी."

त्याला ते खरंच वाटत होतं. खोटं बोलत असता तर ताई कमी घाबरली असती. आपल्या हाताने काय केलं याचा त्याला पत्ताच नव्हता.

गाडे ओढायचा लोखंडी आकडा भिंतीला टांगलेला असे. तो त्याने जाता जाता काढला. ताई मागे धावली, तिच्या मागे सगळे. भट्टीवाला दार उघडून गाडा बाहेर ओढत होता. वाफ छताला लागली होती आणि त्याला काही ऐकूच गेलं नव्हतं. पहिला घाव त्याच्या पाठीत बसला. तो गाड्यावर आपटला, तापलेल्या डब्यांना तोंड लागलं आणि तो किंचाळला. ताईने आपल्या नवऱ्याला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं.

"डबे पालथे लावलेत! कारखाना घालवलात!"

"सरळ लावले होते मी," भट्टीवाला धापा टाकत म्हणाला. "तिला विचार. तिने पुसलेत."

मुकादम वळला. आकडा हातात तसाच. "ताई, सांग. पालथे होते ना?"

सगळे तिच्याकडे बघत होते. खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य भावाच्या विरुद्ध होतं, आणि तसलं वाक्य तिच्या जिभेला कधी लागलंच नव्हतं. खरं कळलं तर हा सगळ्यांसमोर कोसळेल, असं तिच्या मनात आलं. त्याही घडीला तिच्या मनात त्याचंच आलं. ती गप्प राहिली.

मुकादमाने त्या गप्प राहण्याचा त्याला हवा तो अर्थ घेतला. पुढचा घाव खांद्यावर पडला आणि हाड मोडल्याचा आवाज तिथल्या सगळ्यांनी ऐकला. भट्टीवाला गुडघ्यांवर आला. त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. आता उशीर झाला, एवढंच होतं. मग आकडा त्याच्या डोक्याला लागला, कानाच्या वर, आणि तो आडवा झाला. मुकादमाने आकडा टाकला, त्याला काखेत धरून भट्टीच्या दाराकडे ओढलं, अजून आतून वाफ येत होती, आणि त्याचं अर्धं अंग आत ढकललं.

"तू पालथा केलास!" ताई ओरडली. "तू! बोलता बोलता! तुझ्या हाताने, घरी करतोस तसा! मी डोळ्यांनी बघितलंय!"

तिचा आवाज पार छतापर्यंत गेला. मुकादम थांबला. त्याने आपल्या उजव्या हाताकडे बघितलं, तळवा वर करून, आणि ताईला स्पष्ट दिसलं की त्याला आठवलं. आता हा रडेल, असं तिला वाटलं. लहानपणी चूक पकडली गेली की तो रडायचा.

तो रडला नाही. "तेव्हाच का नाही बोललीस?" तो म्हणाला. "त्या बाईसमोर मला तोंडावर पडू दिलंस. मजा बघितलीस." आणि तो तिच्यावर आला.

आजवर त्याने तिच्यावर कधी हात उचलला नव्हता. म्हणून पहिल्या थपडेला ती नुसती उभी राहिली, जणू ती दुसऱ्याच कुणाला बसली. दुसऱ्या ठोशाने ती गाड्यावर जाऊन पडली, तोंडात रक्त आलं, दात जिभेवर सुटा झाला. त्याने तिचा गळा धरला. दोन्ही अंगठे बरोबर मधोमध. त्याच्या तोंडाला माशाचा वास येत होता, सगळ्यांच्याच यायचा. त्याच्या खांद्यावरून तिला नवऱ्याचे पाय दिसत होते, भट्टीच्या दारातून बाहेर आलेले, आणि त्यातला एक हलत होता. तेवढंच तिने पाहिलं. तिचा हात एप्रनच्या खिशात गेला.

माशाच्या पोटाशी मांस कुठे मऊ असतं हे तिच्या हाताला वर्षानुवर्षं माहीत होतं. सुरी त्याच्या मांडीच्या आतल्या बाजूला शिरली, जांघेजवळ, आणि तुकडा गोल कापायच्या सवयीने मनगट थोडं वळलं. गळ्यावरचे अंगठे सुटले. मुकादम एक पाऊल मागे गेला आणि खाली बसला, गाड्याला टेकून. रक्त दाबून धरल्यासारखं निघत होतं, थांबत होतं, परत निघत होतं.

ताई त्याच्याकडे बघायला थांबली नाही. ती भट्टीकडे गेली, नवऱ्याच्या काखेत हात घालून त्याला बाहेर ओढलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याची एक बाजू भाजून लाल झाली होती. कानावरची जखम उघडी होती. तिने दोन्ही तळवे त्यावर दाबून धरले. तळव्यांखाली त्याची नाडी लागली, हलकी, पण लागली. "अहो," ती म्हणाली. "अहो, मी सांगितलं. सांगितलं मी." त्याच्या पापण्या हलल्या. हात जरा सैल केला की रक्त यायचं, म्हणून तिने हात हलवला नाही.

"ताई," मागून आवाज आला. "ताई, बघ ना. थांबतच नाहीये हे."

लहानपणी गुडघा फुटला की तो असाच यायचा, पाय पुढे करून. तिच्या अंगातलं सगळं त्या आवाजाकडे ओढलं गेलं.

"त्याची मांडी बांधा कुणीतरी!" ती ओरडली. "घट्ट आवळून बांधा! कुणीतरी जा रे!"

सगळे तिथेच होते. टेबलावरच्या बायका, यंत्रावरचे दोघं, तोलवाला, पहारेकरी. एप्रनच्या नाड्या प्रत्येकाच्या कमरेला होत्या. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुणी डोळे चुकवले नाहीत, आणि कुणी पाऊलही उचललं नाही.

"माझ्यासाठी तरी," ताई म्हणाली. "अरे, वाईट नाहीये तो..." पुढचे शब्द तिच्या तोंडात तयार होते, जन्मभर तयारच होते. तिने त्या माणसांकडे बघितलं आणि ते तिला म्हणता आले नाहीत.

मागे त्याने आणखी एकदा हाक मारली, आता हळू. तिला ठाऊक होतं की आपण उठलो तर मांडीवरचा माणूस जाईल, आणि नाही उठलो तर मागचा. ती रडत होती, मोठ्याने, तोंड उघडं टाकून, आणि तिचे दोन्ही हात नवऱ्याच्या डोक्यावर होते तिथेच राहिले.